दोन सिलिंडरचं ईजीटी मीटर: नऊ महिने, ४१ तास वापरल्यावर

परभणीच्या बाहेर, आमच्या शेतातल्या आखाड्यावर मी आणि माझा चुलतभाऊ दोन माणसांचं हलकं विमान बांधतोय. उडवायची परवानगी अजून हातात नाही, त्यामुळे इंजिन चालवायचं ते विमान मागून ट्रॅक्टरला साखळीनं बांधूनच. इंजिन टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, ५८० सीसी. नऊ महिन्यांपूर्वी त्यावर डिजिटल ईजीटी मीटर बसवलं. प्रत्येक सिलिंडरमधून सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराचं तापमान ते वेगवेगळं दाखवतं. साडेचौदा हजार रुपये गेले, आणि ते वसूल झाले असं मी मनापासून सांगतो.

आमचं दुखणं असं होतं. फुल थ्रॉटल दिलं की दोन-सव्वादोन मिनिटं इंजिन मस्त ओढायचं, मग आवाज बसत जायचा आणि बंद. पाच मिनिटांनी स्टार्टर मारला की पुन्हा पहिल्यासारखं चालू. प्लग दोनदा बदलले, दुसरं सीडीआय (प्लगला ठिणगीचा करंट देणारा डबा) लावून बघितलं, कार्बोरेटर तीनदा खोलले. फिल्टर स्वच्छ. पेट्रोलची नळी काढून फुंकली, तर हवा आरपार. टेकऑफनंतरची पहिली दोन-तीन मिनिटं इंजिनाला पूर्ण जोर लागतो, आणि आमचं इंजिन नेमकं तिथंच दगा देणार होतं. खाली कापूस, तूर, विहिरी आणि विजेच्या तारा. त्या दिवसांत मला धड झोप लागत नव्हती.

मीटर लावल्यावर पहिल्याच दिवशी उत्तराची दिशा मिळाली. सुरुवातीला दोन्ही आकडे ५६०-५७० अंशांवर स्थिर होते. दीड मिनिट उलटल्यावर दोन्ही एकदमच चढायला लागले, ५९०, ६१०, ६३०. इंजिनाच्या पुस्तकात मर्यादा ६५० ची आहे, म्हणून ६४० ला मी थ्रॉटल ओढून घेतलं. हे शिकून घ्या, फार कामाचं आहे: ठिणगी गेली तर आकडा लगेच पडतो, कारण जळायचंच थांबतं. पेट्रोल कमी पडलं तर मिश्रण पातळ होतं आणि बंद पडण्याआधी आकडा चढतो. एकच आकडा चढला तर त्या बाजूचा जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) किंवा कार्बोरेटरचं रबर तपासा. दोन्ही सोबत चढले, म्हणजे नळीला दोन फाटे फुटायच्या आधीच पेट्रोल अडतंय.

गावातल्या फवारणी पंप दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना हे सांगितलं. त्यांनी विमान आयुष्यात पहिल्यांदा जवळून बघितलं, पण इंजिनाचा आवाज एकदाच ऐकला आणि म्हणाले, "भैय्या, ह्याला करंट कमी नाही. हे उपाशी मरायलंय."

मग दोन मिनिटांचं गणितही जुळलं. पूर्ण जोरावर हे इंजिन मिनिटाला साधारण ४५० मिलि पेट्रोल पितं. येणारं पेट्रोल थोडंच कमी असेल तर ती तूट कार्बोरेटरच्या खालच्या वाट्या भरून काढतात. वाट्या रिकाम्या झाल्या की खेळ संपला. थांबलं की त्या हळूहळू पुन्हा भरतात.

शेवटी नळी ब्लेडनं उभी चिरली. आतला रबराचा थर सुटून एक पापुद्रा लोंबत होता. इंजिनाच्या पंपानं पेट्रोल ओढलं की पापुद्रा भोकावर बसायचा, ओढ थांबली की बाजूला व्हायचा. आम्ही फुंकत होतो ते टाकीत कधीच न पडणाऱ्या दाबानं, आणि तेही उलट्या बाजूनं! नळी मी स्वतः घेतली होती, साध्या पेट्रोलची. आता पेट्रोल पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि ते असलं रबर मऊ करून सोलतं. इथेनॉल किती आहे ते घरी मोजता येतं: मोजपात्रात ९० मिलि पेट्रोल आणि १० मिलि पाणी घालून हलवा, ठेवून द्या. इथेनॉल पाण्यात उतरतं आणि खालचा थर १० वरून २८ च्या आसपास जातो. असं धुतलेलं पेट्रोल मात्र इंजिनात घालू नका, त्याचा ऑक्टेन घसरलेला असतो. आता इथेनॉल चालणारी नळी लावली आहे आणि ती दर वर्षी बदलणार, चांगली दिसत असली तरी.

मीटरच्या तक्रारीही आहेत. मे महिन्यात परभणीच्या दुपारी स्क्रीनवर काहीच दिसत नाही, वर पुठ्ठ्याची झडप करावी लागली. इशाऱ्याचा आवाज इंजिनापुढे ऐकूच येत नाही, म्हणून वेगळा लाल दिवा जोडला. सुरुवातीला आकडे २०-३० अंशांनी उड्या मारायचे. प्रोबची, म्हणजे धुरात बसणाऱ्या तापमानाच्या सेन्सरची, वायर प्लगच्या वायरीसोबत बांधली होती, ती लांबून नेल्यावर थांबले. तिसाव्या तासाला एक प्रोब क्लॅम्पजवळ थरथरीनं तुटला, नवा मागवला. प्रोब पिस्टनपासून १०० मिलिमीटरवर बसवा आणि दोन्हीकडे अंतर एकच ठेवा, नाहीतर आकड्यांची तुलना करून उपयोग नाही. दोन सिलिंडर असतील तर एका प्रोबचं स्वस्त मीटर घेऊ नका. आमच्याकडे एकच आकडा असता तर मी अजून कार्बोरेटरच खोलत बसलो असतो.

नळी बदलल्यापासून सलग दहा मिनिटं फुल थ्रॉटलवर चार वेळा चालवलं. दोन्ही आकडे ५७५ च्या वर गेले नाहीत.