कागदावरचे ३८० घोडे

पुण्यातल्या एका ट्यूनरने, म्हणजे इंजिनाची ताकद वाढवून देणाऱ्या गॅरेजवाल्याने, माझ्या स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएसवर सव्वापाच लाखांचं काम केल्याचं सांगितलं. प्रत्यक्षात बसवलं त्याच्या पाव हिश्श्याचंही नाही. प्रकरण ग्राहक आयोगात आहे, म्हणून नाव लिहीत नाही. पण त्याची रीत सविस्तर लिहितो, कारण त्याच रीतीने गंडवलेले आणखी दोघं मला नंतर भेटले.

गाडी २०१७ची. २.० टीएसआय म्हणजे टर्बो पेट्रोल इंजिन, कंपनीचा आकडा २३० पीएस (म्हणजे जवळपास तेवढेच घोडे) आणि ३५० एनएम टॉर्क, सहा गिअरचा ओल्या क्लचचा डीएसजी हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. ठरलं होतं ते असं : फोक्सवॅगन गोल्फ आरमध्ये येतो तो मोठा आयएस३८ टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा), फोर्ज्ड म्हणजे घडवलेले मजबूत पिस्टन आणि रॉड, मोठा इंटरकूलर (ती हवा थंड करणारा), डाउनपाइप (टर्बोनंतरचा धुराचा नळ), इंधनाचा हाय प्रेशर पंप आणि शेवटी डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, मॅप, म्हणजे ईसीयूची (इंजिनाच्या संगणकाची) नवी सेटिंग. रोजच्या वापरात सांभाळून चालायची आणि वर्षातून एकदोनदा आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगला, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीला, न्यायची, एवढीच हौस. निम्म्याहून जास्त रक्कम रोख मागितली गेली, ‘जीएसटी वाचेल तुमचा’ म्हणून. हे वाक्य ऐकलंत की तिथूनच उठा.

गाडी परत मिळाली तेव्हा पळत छान होती. फसवणूक लक्षात यायला वेळ लागतो तो यामुळेच. साध्या स्टेज वन रीमॅपवर, म्हणजे भाग न बदलता नुसता मॅप बदलून, हे इंजिन सहज २९० च्या आसपास जातं आणि २३० ची सवय असलेल्या माणसाला तो धक्का पुरेसा वाटतो. सोबत डायनोचा रंगीत कागद : ३८० एचपी.

त्या कागदावर सगळे वरचा आलेख बघतात. बघायचा असतो तो खालचा कोपरा. तिथे हवेचा दाब, तापमान आणि करेक्शन फॅक्टर छापलेला असतो. माझ्या कागदावर दाब होता ८६५ मिलिबार, तापमान ४५ अंश, फॅक्टर १.२१. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. इथे दाब ९४५-९५० च्या घरात असतो. ८६५ हवा असेल तर डायनो उचलून महाबळेश्वरला न्यावा लागेल. विरळ हवेत इंजिनाची ताकद कमी भरते, म्हणून सॉफ्टवेअर ती भरपाई करून आकडा वाढवतं. ही भरपाई प्रामाणिक आहे, पण हवामानाचे आकडे हाताने भरता येत असतील तर हवा तो आकडा छापता येतो. खऱ्या हवामानाला फॅक्टर १.०६ च्या आसपास यायला हवा होता. त्यातही टर्बो इंजिन बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा दाब) राखून विरळ हवेची बरीच कसर स्वतःच भरून काढतं, त्यामुळे त्याला ही भरपाई पूर्ण लावणं हेच मुळात उदारपणाचं.

दुसरी चलाखी त्याच कागदावर. डायनो मोजतो चाकांवरची ताकद. गिअरबॉक्स आणि टायरमध्ये जे वाया जातं ते धरून इंजिनाची ताकद काढतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या अशा गाडीला लोक चाकांवरच्या आकड्यावर साधारण १५ टक्के चढवतात. इथे ३० चढवलेले. दोन्ही फुगवटे काढले की ३८० चे साधारण २९४ होतात.

हे गणित मला नंतर कळलं. आधी शंका आली ती धावपट्टीवर. पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. पुढच्या चाकांची गाडी सुटताना चाकं घसरतात, त्यामुळे वेळ खराब येऊ शकते. तिच्यावरून ताकद ठरवू नये. शेवटच्या टप्प्यातला वेग, म्हणजे ट्रॅप स्पीड, मात्र सुटण्यातल्या चुकीने फारसा हलत नाही. माझा दर वेळी १६७ च्या आसपास. जुना ठोकताळा आहे : ताशी किलोमीटरमधला वेग ३७७ ने भागा, त्याचा घन करा, चालकासकट वजनाने पौंडांत गुणा. माझी गाडी माझ्यासकट दीड टनाची, म्हणजे सुमारे ३,३०० पौंड. उत्तर २८७. ३८० असते तर वेग १८३ च्या जवळ हवा होता. एकदोन टक्क्यांची चूक समजू शकते, शंभर घोड्यांची नाही.

मग उत्तरं सुरू झाली. आधी पेट्रोल खराब. शंभर ऑक्टेनचं एक्सपी१०० भरून पाहिलं, वेग तोच. मग ‘ईसीयू अजून शिकतोय’. मग ‘तुमचं लाँच चुकतंय’, म्हणजे सुटण्यात चूक होते. ट्रॅप स्पीड माहीत असलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे कमालच. शेवटी लॉग, म्हणजे गाडी चालताना नोंदवलेले इंजिनाचे आकडे, मागितले. बूस्ट मागितलेला किती आणि मिळालेला किती, प्रत्येक सिलिंडरमागे ठिणगीचं टायमिंग किती अंश मागे खेचलं जातंय, हे ओबीडीच्या (गाडीच्या तपासणीच्या) सॉकेटमधून कुणालाही वाचता येतं. तो म्हणाला, ‘फाइल लॉक आहे, आमचं गुपित आहे.’ फाइल लॉक असू शकते. लॉग वाचायला फाइल उघडावी लागत नाही.

गाडी दुसऱ्या गॅरेजला नेली. तिथल्या मिस्त्रीने स्पार्क प्लग काढून बोअरस्कोप आत सोडला. फोनला लावायचा हा कॅमेरा हजार-दोन हजारांत मिळतो. नव्या फोर्ज्ड पिस्टनचा माथा यंत्रावर कातलेला, स्वच्छ दिसायला हवा. दिसले ते वर्षानुवर्षांचा कार्बन चढलेले, कारखान्यातून आलेले ओतीव पिस्टन. मिस्त्री काही बोलला नाही, फोन माझ्या हातात दिला. सम्प (इंजिनाखालची ऑइलची टाकी) उतरवल्यावर रॉडही कंपनीचेच निघाले. टर्बो मूळचाच, आयएस२०, फक्त नंबराची पट्टी घासलेली. पंपही जुनाच. इंटरकूलर आणि डाउनपाइप तेवढे खरे.

पण आयएस३८ चा फोटो तर मला पाठवला होता! खोक्यातून काढलेला, माझ्या गाडीच्या बॉनेटवर ठेवलेला, नंबर स्पष्ट. नंतर भेटलेल्या त्या दोघांपैकी एकाकडेही तसाच फोटो होता. बॉनेट वेगळं, नंबर तोच. तो टर्बो बहुधा आजवर कुठल्याच गाडीला लागलेला नाही. नुसता गाड्यांवर बसून फोटो काढून घेतो.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. डाउनपाइप बदलताना मूळ कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निघतो. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं आणि भंगारवाले त्यासाठी चांगले पैसे मोजतात. माझा ‘चुकून टाकला गेला’. म्हणून काम देतानाच लिहून घ्या की निघालेला प्रत्येक जुना भाग डिकीत परत येईल. जुने पिस्टन हातात आले नाहीत तर नवे बसलेच नाहीत असं धरून चाला. बोअर-होनिंग (सिलिंडर आतून घासून मापात आणणं) बाहेर करून घेतलं म्हणत असतील तर त्या मशीन शॉपचं मापांसकट बिल मागा. इंजिन उघडं असताना जाऊन स्वतः बघा. ‘आज नको, धूळ बसते’ म्हणणाऱ्याकडे गाडी ठेवू नका.

पैसे परत मागितल्यावर त्याने हुकमाचा पत्ता काढला : ‘करा तक्रार, तुमचीच आरसी जाईल.’ धमकी अगदीच पोकळ नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए खाली मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. या धंद्यातले लबाड याच भीतीवर जगतात. वकिलांनी मला वेगळं सांगितलं : न बसवलेल्या भागांचे पैसे घेणं ही फसवणूकच, बदल कायदेशीर होता की नव्हता हा त्यापासून वेगळा प्रश्न. माझ्या बाबतीत गंमत अशी की ज्या बदलांची धमकी होती त्यातले बहुतेक झालेच नव्हते. डाउनपाइप काढून नवा कॅट बसवला, पीयूसी करून घेतली आणि मगच तक्रार दाखल केली.

ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते, तेव्हा त्याच्या ‘पुढच्या आठवड्यात बघू’ मध्ये ती घालवू नका. बँकेतून गेलेली रक्कम, व्हॉट्सअ‍ॅपवरची भागांची यादी, बोअरस्कोपचा व्हिडिओ आणि दुसऱ्या गॅरेजचा लेखी अहवाल एवढं माझ्या बाजूने आहे. रोख दिलेल्या पैशांचा एकच पुरावा आहे, त्याने स्वतः पाठवलेला ‘कॅश मिळाली’ हा मेसेज आणि त्यापुढचा अंगठा. वकील म्हणतात, तो स्क्रीनशॉट नको, मूळ फोनच जपून ठेवा.