थंड खाणीतल्या बुड्यांसाठी साहित्य: आधी रेग्युलेटर, मग बाकीचे

तारकर्लीच्या समुद्रात ३ मिलिमीटरचा वेटसूट घालून स्कूबा शिकल्यानंतर इंग्लंडमधील लेस्टरशायरच्या स्टोनी कोव्ह या पाण्याने भरलेल्या दगडखाणीत मी पहिल्यांदा उतरलो, तेव्हा भारतातून नेलेल्या साहित्यापैकी मास्क तेवढा कामाला आला. ग्रॅनाइटची ही खाण १९५८ मध्ये बंद पडली आणि झऱ्यांच्या पाण्याने भरत गेली. तिला पायऱ्यांसारखे टप्पे आहेत: पहिला ६-७ मीटरवर, मधला २०-२२ मीटरवर आणि सर्वांत खोल भाग सुमारे ३५ मीटरवर. मधल्या टप्प्यावर २००० साली मुद्दाम बुडवलेली ‘स्टेनगार्थ’ ही टग बोट आहे आणि बहुतेकांना तिथेच जायचे असते. हिवाळ्यात इथले पाणी ४ ते ६ अंशांवर येते. पुढचे सारे मत या पाण्यापुरते आहे. कोकणच्या किनाऱ्यावर यातले फारसे काही लागणार नाही.

पहिल्या हिवाळ्यात मी रेग्युलेटर, म्हणजे टाकीतील हवेचा दाब उतरवून ती तोंडापर्यंत पोहोचवणारी यंत्रणा, भाड्याने घेतला होता. तो उत्तम श्वास देत होता, म्हणून त्यावर काय छापले आहे हे पाहण्याची गरज मला वाटली नाही. वीस मीटरवर, बोटीच्या कठड्याजवळ, मी श्वास घेता घेताच तरंगण्यासाठी फुगवायच्या जॅकेटमध्ये हवा भरण्याचे बटण दाबले आणि तोंडातल्या भागातून हवा थांबेनाशी झाली. सोबत्याने मागून माझ्या टाकीची झडप बंद केली, त्याच्या राखीव नळीवर आम्ही वर आलो आणि माझ्या टाकीचा दाब पाहिला, तेव्हा त्या थोड्या वेळात किती हवा गेली ते कळले.

हे का घडते ते समजल्याशिवाय रेग्युलेटर विकत घेऊ नये. टाकीतील हवा २०० बारच्या आसपासच्या दाबावरून रेग्युलेटरच्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे टाकीवर बसणाऱ्या भागात, भोवतालच्या दाबापेक्षा साधारण ९-१० बार अधिक इतक्या दाबावर येते. ती एकदम प्रसरण पावते म्हणून कडाक्याची थंड होते आणि पाणी ४ अंशांवर असले तरी धातूचा भाग शून्याखाली जाऊ शकतो. समुद्राचे खारे पाणी उणे २ अंशांच्या जवळ गोठते, गोडे पाणी मात्र शून्यालाच, त्यामुळे खाणीत ही अडचण लवकर गाठते. यंत्रणेत पाणी शिरत असेल तर तिथे बर्फ धरतो, झडप उघडीच अडकते, हवा अधिक वाहते आणि अधिक वाहिल्याने आणखी गारठते. एकाच वेळी श्वास घेणे व जॅकेट फुगवणे म्हणजे या चक्राला आमंत्रणच.

म्हणून युरोपीय ईएन २५० मानकाखालील रेग्युलेटरवर ‘१० अंशांपेक्षा अधिक’ (म्हणजे त्याहून गार पाण्यासाठी नाही) अशी खूण असेल, तर तो कितीही स्वस्त मिळत असला तरी या पाण्यासाठी नाही. मी नंतर ॲपेक्सचा एक्सटीएक्स ५० घेतला. त्याचा पहिला टप्पा सीलबंद डायफ्रामचा (लवचीक पडद्याचा) आहे, म्हणजे पाणी स्प्रिंगपर्यंत पोहोचतच नाही. दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे तोंडातल्या भागात, नळीच्या जोडापाशी भोवतालच्या पाण्यातून ऊब घेणारा धातूचा भाग आहे. श्वासाचा जोर कमी-जास्त करण्याची कळ हातमोजे घालूनही फिरवता येते, हा मला सर्वांत मोठा गुण वाटतो. दोष म्हणायचा तर समुद्रात कधीमधी उतरणाऱ्याला ही खरेदी अनाठायी आहे, आणि सीलबंद असला तरी सर्व्हिसिंग टाळलेला रेग्युलेटर गोठू शकतो. टाकीशी जोडणीसाठी मी डिन स्क्रू, म्हणजे टाकीच्या झडपेत आट्यांनी बसणारा प्रकार, निवडला.

ड्रायसूटबद्दल, म्हणजे अंग कोरडे ठेवणाऱ्या सूटबद्दल, दुकानात बरेच ऐकवले जाते. निओप्रीनचा सूट स्वतःच ऊब देतो, पण खोलीवर दबून पातळ होतो आणि तरंगण्याची क्षमता बदलते. ट्रायलॅमिनेटचा (तीन थरांच्या पातळ कापडाचा) सूट स्वतः अजिबात ऊब देत नाही, सारी भिस्त आतल्या कपड्यांवर असते, मात्र खोलीवर त्याचे वागणे बदलत नाही आणि दोन बुड्यांच्या मधल्या वेळात तो वाळतो. मी ट्रायलॅमिनेटचा घेतला. रंग निवडण्याआधी एक परीक्षा करावी: आतला जाड कपडा घालून सूट चढवावा, हात डोक्यामागे नेऊन टाकीच्या झडपेच्या जागी पोहोचतो का ते पाहावे. बोटीजवळ हवा थांबेनाशी झाली त्या दिवशी माझा हात पोहोचला नव्हता, हे इथे सांगायलाच हवे.

पाण्याखाली जाण्यासाठी अंगावर घ्यायच्या शिशाच्या वजनाचा हिशेब मात्र बहुतेक जण चुकवतात. गोडे पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के हलके असते, म्हणून साहित्यासकट १०० किलो भरणाऱ्या माणसाला खाणीत अडीच किलो शिसे कमी लागते. पण ड्रायसूट व आतले कपडे त्याहून कितीतरी अधिक शिसे मागतात. तारकर्लीत मला ४ किलो पुरत होते, स्टोनी कोव्हमध्ये पोलादी १२ लिटर टाकीसह १२ किलो लागतात. हा आकडा माझा आहे; तो उचलू नये, उथळ टप्प्यावर जवळजवळ रिकाम्या टाकीने तपासून ठरवावा.

हातांसाठी ५ मिलिमीटरचे निओप्रीनचे मोजे पंचवीस मिनिटे टिकतात. त्यानंतर बोटे अशी बधिर होतात की बटण दाबले गेले की नाही हेही कळत नाही. मनगटाच्या कड्यावर बसणारे कोरडे मोजे, त्यांच्या आत पातळ लोकरीचे मोजे, ही जोडी मला ४५ मिनिटांपर्यंत पुरते. त्यांना बारीक छिद्र पडले तर आत पाणी येतेच. सूटला मनगटाचे सील कायम असेल तर ते पाणी मोज्यातच थांबते, म्हणून ते सील काढून टाकण्याचा सल्ला मी मानला नाही. हूड जाड असावा, आणि तो मास्कच्या कडेखाली सरकणारा नसावा.

शेवटची खरेदी ३ लिटरच्या स्वतंत्र टाकीची, तिच्या स्वतंत्र रेग्युलेटरसह. मुख्य टाकीची झडप बंद करावी लागली तर श्वास घ्यायला काहीतरी हवे, आणि सोबती नेहमी हाताच्या अंतरावर असेलच असे नाही. गाडीपासून पाण्यापर्यंत हा सगळा भार वाहताना मी दर वेळी कुरकुर करतो. ती टाकी मात्र एकदाही गाडीत ठेवून गेलेलो नाही.