वटवट्यांच्या छायाचित्रणासाठी निकॉनची ५०० मि.मी. पी.एफ. लेन्स

वटवट्या क्वचितच उघड्या फांदीवर स्थिर बसतो. पानांआड तो जरा दिसतो न दिसतो तोच पुढच्या झुडपात शिरलेला असतो. म्हणूनच या पक्ष्यांसाठी लेन्स निवडताना ती किती प्रकाश आत घेते यापेक्षा ती डोळ्याला लावून किती वेळ धरता येते, याला मी अधिक महत्त्व देतो. २०१८ मध्ये आलेली निकॉनची ५०० मि.मी. एफ/५.६ पी.एफ. लेन्स या कसोटीला उत्तम उतरते. फेज फ्रेनेल (पी.एफ.) या बारीक वलये कोरलेल्या भिंगामुळे तिचे वजन अवघे १,४६० ग्रॅम आहे. याच कंपनीच्या एफ/४ क्षमतेच्या, म्हणजे अधिक प्रकाश आत घेणाऱ्या, ५०० मि.मी. एफ.एल. (फ्लोराइट भिंगाच्या) लेन्सचे वजन ३,०९० ग्रॅम भरते. ट्रायपॉड लागत नसल्यामुळे पक्ष्याबरोबर लेन्स सहज वळवता येते.

पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरलाही (प्रकाश आत घेणारे छिद्र पूर्ण उघडे असतानाही) चित्र अतिशय रेखीव येते आणि वटवट्यांच्या बाबतीत हा गुण फार मोलाचा आहे. चिफचाफ आणि विलो वॉर्बलर हे पक्षी दिसायला इतके सारखे आहेत, की इंग्रज निसर्गअभ्यासक गिल्बर्ट व्हाइट यांनी अठराव्या शतकात त्यांचे वेगळेपण ओळखले ते मुख्यतः गाण्यावरून. छायाचित्रातून ही ओळख पटवायची तर पायांचा रंग आणि मिटलेल्या पंखाबाहेर डोकावणाऱ्या प्राथमिक (पंखाच्या टोकाकडच्या) पिसांची लांबी स्पष्ट दिसायला हवी, आणि पक्षी पुरेसा जवळ असेल तर या लेन्समधून ती दिसते.

मर्यादाही आहेत. दाट झाडीतल्या सावलीत एफ/५.६ अपुरे पडते आणि शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत नेण्यासाठी आय.एस.ओ. (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनक्षमता) बराच वाढवावा लागतो. फोकस-मर्यादेचे बटण आठ मीटरपलीकडच्या टप्प्यावर ठेवल्यास झुडपातला जवळचा पक्षी फोकसमध्ये येतच नाही. ते पूर्ण टप्प्यावर ठेवले, तर मधल्या काड्याच फोकस पकडतात. अशा वेळी एकच फोकस-बिंदू निवडून तो पक्ष्याच्या डोळ्यावर ठेवणे हा मला सर्वांत भरवशाचा मार्ग वाटतो. तीन मीटरपेक्षा जवळच्या पक्ष्यावर तर फोकस होतच नाही, पण तितक्या जवळ जाऊन त्याच्या चरण्यात व्यत्यय आणूही नये. तीव्र प्रकाशस्रोत चौकटीत किंवा तिच्या अगदी जवळ असल्यास पी.एफ. रचनेमुळे रंगीत वलये उमटू शकतात, म्हणून शेंड्यावरच्या पक्ष्यासाठी सूर्य पाठीशी घ्यावा.

१.४ पट टेलिकन्व्हर्टर (लेन्सची फोकल लांबी वाढवणारे जोडभिंग) जोडल्यास ७०० मि.मी. एफ/८ मिळते, झाडीतल्या वटवट्यांसाठी मी तो जोडणार नाही, बोरूच्या बेटाच्या कडेला भर उन्हात गाणाऱ्या पक्ष्यासाठी मात्र जरूर जोडेन.