फ्रीरेडियस 3.2.5: सांगलीतल्या छोट्या नेटवर्कवर अकरा महिने

सांगलीत घरोघरी इंटरनेट द्यायचा आमचा धंदा, आणि कुणाची लाइन सोडायची हे ठरवणारा सर्व्हर फ्रीरेडियस या मोफत सॉफ्टवेअरवर चालतो. आधी व्याप सांगतो. विश्रामबागेत सर्व्हर, कुपवाड, मिरज आणि हरिपूरला एकेक पॉप (त्या भागातल्या लाइना एकत्र येतात ते ठाणं), मिळून साधारण 2200 कनेक्शनं. ग्राहकाच्या घरातला राउटर पीपीपीओई या पद्धतीनं नाव-पासवर्ड देऊन लॉगिन करतो, पॉपवरचा आमचा राउटर फ्रीरेडियसला विचारतो, ‘हा आपला आहे का, सोडू का?’ आणि सर्व्हर हो किंवा नाही म्हणतो. सात वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. एवढी वर्षं ज्याची आठवणही होत नाही, ते सॉफ्टवेअर चांगलंच म्हणायचं.

9 जुलै 2024 ला ब्लास्टरेडियस नावाचा हल्ला जाहीर झाला. नाव ऐकून मला आधी वाटलं फ्रीरेडियसमध्येच बग आहे. तसं नव्हतं, खोट रेडियस प्रोटोकॉलमध्येच, राउटर आणि सर्व्हरच्या बोलण्याच्या नियमांतच होती, म्हणजे कुठल्याही कंपनीचा सर्व्हर असला तरी तीच. सर्व्हरच्या उत्तरावर जी सही असते ती एमडी5 या जुन्या हॅशवर (मजकुराचा छोटा गणिती ठसा) बेतलेली आहे, आणि एमडी5 ला 2004 मध्येच खिंडार पडलंय. हल्लेखोर राउटर आणि सर्व्हर यांच्या मधल्या वाटेवर बसलेला हवा. तो चुकीच्या पासवर्डनं लॉगिन करतो आणि वाटेत त्या विचारणेत प्रॉक्सी-स्टेट नावाच्या रकान्यातून मुद्दाम जुळवलेला कचरा घुसडतो. सर्व्हर तो रकाना जसाच्या तसा परत पाठवतो. कचरा असा बेतलेला असतो की सर्व्हरच्या नकाराची आणि हल्लेखोरानं बनवलेल्या होकाराची सही एकच यावी. मग नकार वाटेतच अडवायचा, त्याची सही होकाराला चिकटवायची. शेअर्ड सिक्रेट, म्हणजे राउटर आणि सर्व्हरमधला गुप्त शब्द, माहीत असायची गरजच नाही! संशोधकांना ही जुळणी 3 ते 6 मिनिटांत जमली होती. राउटर एवढा वेळ वाट बघत नाही म्हणून मी आधी निवांत होतो, पण जास्त यंत्रं लावली की वेळ कमी होतो हे लक्षात आल्यावर तो निवांतपणा गेला.

फुकटचं नेट कुणी वापरलं तर महिन्याला पाचशे-सातशे रुपयांचं नुकसान, ते सोसता येतं. घाम फुटला तो दुसऱ्याच गोष्टीनं. आमच्या पॉपवरच्या राउटरांचं ॲडमिन लॉगिनही सोय म्हणून याच रेडियसवर होतं. शिवाय हरिपूरची लाइन दुसऱ्याच्या भाड्याच्या फायबरवरून यायची, रेडियसच्या नेहमीच्या यूडीपी 1812 पोर्टवर, कुठलंही एन्क्रिप्शन नसलेली, उघडी. म्हणजे मधे बसायला जागा आम्हीच करून ठेवलेली.

तरी अपडेट लगेच केलं नाही. जुलैअखेर सांगलीत कोण सर्व्हरला हात लावेल? प्रत्येक जण फोनवर आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पुराची पातळी बघत बसलेला, 40 फुटांचा इशारा आणि 45 चा धोका इथं पोरांनाही पाठ असतो. तेवढ्यात नेट गेलं तर लोक दारात येतील ही भीती. भीती अर्धी खुळचट होती. रेडियस रीस्टार्ट केला तर चालू सेशन तुटत नाहीत, फक्त नवीन लॉगिन क्षणभर थांबतात.

ऑगस्टमध्ये 3.2.5 टाकलं. काम वीस मिनिटांचं. नव्या आवृत्तीत सर्व्हर प्रत्येक उत्तराच्या सुरुवातीलाच मेसेज-ऑथेंटिकेटर घालतो. ही सिक्रेट वापरून केलेली वेगळी सही. तिच्यात काय येणार हे हल्लेखोराला आधी कळत नाही, त्यामुळे त्याची जुळवाजुळवच कोसळते. म्हणजे नुसता सर्व्हर अपडेट केला तरी बराचसा धोका टळतो. गंमत अशी की हा इलाज 2000 सालापासून कागदावर होता, पण साध्या पासवर्डच्या लॉगिनला ऐच्छिक. ईएपी या लॉगिनच्या दुसऱ्या पद्धतीला सक्तीचा होता, म्हणून तीच पद्धत वापरणारी, 802.1एक्सवर चालणारी कॉलेजांची वायफाय यातून सुटली.

आता तक्रारीचा भाग. ‘रिक्वायर मेसेज ऑथेंटिकेटर’ (ही सही नसलेलं राउटरचं पॅकेट नाकारायचं का) ही सेटिंग मुळात ‘ऑटो’वर असते. राउटरच्या पहिल्या पॅकेटमध्ये सही दिसली की सर्व्हर त्या राउटरपुरती सक्ती करतो आणि लॉगमध्ये सांगतो की कॉन्फिगमध्ये कायमचं ‘येस’ लिहा. सोयीचं आहे. पण सर्व्हर रीस्टार्ट झाला की हे सगळं विसरतो आणि पुन्हा पहिल्या पॅकेटवर भरवसा ठेवतो. दोन महिने मी त्या ऑटोवर विसंबून राहिलो. लॉगमधल्या सूचना मोठ्या अक्षरात ओरडत असतात, त्याही आपण डोळ्याआड करतो.

ऑक्टोबरात एकदाचं मनावर घेतलं आणि रात्री अकराला सगळ्या राउटरांना ‘येस’ लावलं. सगळं हिरवंगार दिसत होतं. कारण चालू सेशनना विचारायचंच नव्हतं! पहाटे हरिपूरची लाइट गेली, आली, आणि दीडशे घरं एकदम लॉगिन करू लागली. तिथला राउटर इतका जुना की सही पाठवतच नव्हता. सर्व्हर त्याची पॅकेट गुपचूप टाकून देत होता, नकारही देत नव्हता. सकाळी सहाला हळदीचे एक व्यापारी फोनवर: “काय ओ दादा, नेट झोपलंय व्हय?” मी म्हटलं, “झोपलेलं मीच होतो काका, दहा मिनिटं द्या.” त्या एका राउटरची सक्ती काढली, तेव्हा घरं परत आली. आधी आठवडाभर लॉग चाळून कोण सही पाठवत नाही ते बघायला हवं होतं, एवढी अक्कल त्या सकाळी आली.

त्या राउटरचं नवं फर्मवेअर कंपनीनं काढलंच नाही. चार महिने मेल करून बघितले, मग नाद सोडला. दरम्यान हरिपूर ते विश्रामबाग वायरगार्ड या व्हीपीएनचा एन्क्रिप्टेड बोगदा टाकला आणि रेडियस त्यातून वळवलं. ॲडमिन लॉगिन तर पहिल्याच आठवड्यात रेडियसवरून काढून की-वर (पासवर्डऐवजी डिजिटल किल्ली) नेलं होतं, त्यात चालढकल केली नाही.

साताऱ्याचा एक मित्र असाच धंदा करतो, तो विचारत होता की फ्रीरेडियस सोडून विकतचं काही घ्यावं का. मी नको म्हणालो. विकतच्या सर्व्हरलाही हीच खोट होती, आणि इथं निदान लॉग वाचता येतो. फक्त कॉन्फिगमधल्या टिपा वाचायला वेळ काढ, त्या लांबलचक आहेत आणि लिहिणारा मधेमधे वैतागलेला वाटतो. मे महिन्यात हरिपूरचा राउटर बदलला, त्याच दिवशी त्याच्या नावापुढे ‘येस’ लिहिलं. या वेळी रात्री नाही, दुपारी दोनला, आणि लगेच मेन स्विच बंद करून सगळ्या घरांना मुद्दाम पुन्हा लॉगिन करायला लावलं.