गव्हाणी घुबडाची पेटी : आंब्यावर की खांबावर?

उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्याला घूस म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. बांध पोखरलेला, पाण्याची पाळी आली की दंड फुटलेला आणि ऊस बुडख्याशी कुरतडून आडवा झालेला. त्यामुळे परसात घुशी-उंदीर खाणाऱ्या गव्हाणी घुबडासाठी घरट्याची पेटी लावायचं तुम्ही ठरवलं असेल, तर का लावायची हे मी सांगत बसत नाही. पेटी केवढी, प्लाय कुठला, तेही तुम्ही वाचलेलं असणार. मला विचारणारे बहुतेक जण एकाच ठिकाणी अडलेले असतात : पेटी झाडावर बांधायची की खांब रोवून त्यावर बसवायची? मी दोन्ही केलं आहे. २०१९ साली घरामागच्या आंब्यावर, आणि २०२२ साली आंब्यापासून थोड्या अंतरावर लोखंडी खांबावर.

तिसरा पर्याय इमारतीचा. ब्रिटनमध्ये गव्हाणीवर काम करणारी मंडळी पेटीसाठी आधी जुनी इमारत, मग झाड आणि अगदीच इलाज नसेल तर खांब, असा क्रम सांगतात. ते पटण्यासारखं आहे. ज्या पक्ष्याच्या नावातच गव्हाण आहे त्याला गोठा आवडणारच. तुमच्याकडे वाड्याचा माळा किंवा जुना उंच गोठा शिल्लक असेल, तर पुढचं वाचायची गरज नाही, तिथेच पेटी ठेवा. आमच्या गोठ्याला आता पाइप आणि पत्रे आहेत. त्यात पक्ष्याला अंधारा कोपरा मिळेल अशी जागाच उरली नाही.

आंब्यापासून सुरुवात करतो, कारण मीही तिथूनच केली. झाडावरची पेटी स्वस्तात होते. खोदाई नाही, सिमेंट नाही. दोन जाड पट्टे आणि चढणारा एक माणूस पुरतो. त्याहून मोठी गोष्ट सावलीची. एप्रिलच्या दुपारी तीन वाजता मी आंब्यावरच्या रिकाम्या पेटीत हात घातला आहे आणि पुढे खांबावरच्याही. मोजमाप केलेलं नाही, पण आंब्यावर हात ठेवून राहावंसं वाटतं आणि खांबावर पहिल्या वर्षी लगेच काढून घेतला होता. पिलांच्या दृष्टीनेही झाड चांगलं. उडता येण्याआधी ती पेटीबाहेर येऊन इकडे तिकडे पावलं टाकतात, त्यांना फांदी मिळते.

एवढं सगळं असूनही मी आंबा सोडला, तो खारीमुळे.

हे कारण ऐकून लोकांना नवल वाटतं. साप असेल, कावळे असतील, असा त्यांचा अंदाज असतो. धामण आंब्यावर सहज चढते हे खरं, आणि कावळेही त्रास देतात. पण साप मी त्या झाडावर दोनदाच पाहिला. खार रोज होती. पेटी लावल्यावर तीन आठवड्यांत ती भोकापर्यंत भरली. मी झाकण उघडलं तेव्हा आत काथ्या होता, पायपुसण्याचा ओळखू येणारा. गोधडीतून उपसलेला कापूस, सुतळी, म्हशीच्या शेपटीचे केस आणि खताच्या गोणीचे पांढरे प्लॅस्टिकचे धागे. हे धागे घुबडाच्या पिलाच्या पायात गुंतले तर काय होईल, हा विचार माझ्या मनातून जाईना.

गव्हाणी स्वतः घरट्यासाठी काडीसुद्धा आणत नाही. न पचलेल्या केसांचे आणि हाडांचे गोळे ती ओकते, त्यांच्याच चुऱ्यावर अंडी घालते. मग खारीचा कापूस असला तर बिघडलं कुठे, असं मलाही वाटलं होतं. बिघडतं ते खोलीत. भोकाच्या खालच्या कडेपासून तळापर्यंत निदान दीड फूट अंतर लागतं, ते याचसाठी की पंख न फुटलेलं पिलू बाहेर पडू नये. अंडी दोन-तीन दिवसांच्या अंतराने घातली जातात आणि मादी पहिल्या अंड्यापासूनच उबवायला बसते. त्यामुळे पिलं लहानमोठी असतात, आणि घास आला की थोरली पुढे रेटतात. तळ भोकाला टेकलेला असेल तर धाकट्याचं काही खरं नाही. जमिनीवर पडलेल्या पिलाला आईबाप सहसा भरवत नाहीत.

म्हणून मी पेटी रिकामी केली. महिन्याभरात ती पुन्हा भरली. तिसऱ्या वेळी कापूस बाजूला सारला तर खाली तीन पिलं होती, बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी, गुलाबी, डोळे मिटलेले. मी कापूस परत सारखा केला आणि झाकण लावून उतरलो. घुबडासाठी खारीची पिलं बाहेर टाकायची नव्हती मला. खोडाला पत्रा गुंडाळून पाहिला, पण आमच्या आंब्याच्या फांद्या शेजारच्या जांभळात गेलेल्या आहेत. खारी खोडाकडे फिरकल्याही नाहीत.

त्याच वर्षी डिसेंबरात घुबडांची जोडी आली. दिवेलागणीनंतर मी मागच्या पायरीवर बसलो होतो. एक जण पेटीच्या तोंडाशी उतरला, आत डोकं घातलं, बाहेर काढलं, पुन्हा घातलं. दुसरा वरच्या फांदीवर होता. मग दोघंही उसाच्या दिशेने गेले आणि त्या हिवाळ्यात परत आले नाहीत. पेटी भरलेली होती. माझा निर्णय त्या संध्याकाळीच झाला, खांब उभा करायला मात्र वेळ लागला.

आता खांबाबद्दल, आणि त्याचे तोटे लपवत नाही. खर्च येतो. मी भंगारातून तीन इंची जीआय पाइप किलोवर घेतला, तरी तळाचं काँक्रीट आणि वेल्डिंगवाला धरून आंब्यापेक्षा कितीतरी पट पैसे गेले. जमिनीवर पंधरा फूट ठेवायचा तर निदान तीन फूट आत गाडा. वळवाच्या वाऱ्यात पेटी शिडासारखी वारा धरते. उन्हासाठी प्लायच्या छतावर दोन बोटांची फट सोडून वरून दुसरा पत्रा टाकावा लागला आणि बाहेरून चुना मारावा लागला. हे मी दुसऱ्या उन्हाळ्याआधी केलं, तुम्ही पहिल्याच वर्षी करा. भोकाचं तोंड पूर्व-ईशान्येला ठेवा, म्हणजे नैऋत्येचा पाऊस आत शिरत नाही. भोकाबाहेर कठडा असलेली छोटी फळी हवीच, कारण इथे फांदी नाही. आणि साफसफाई. वर्षातून एकदा, पिलं उडून गेल्यावर पावसाच्या आधी, शिडी लावून तोंडाला फडकं बांधून हे करावं लागतं. दुसरा माणूस शिडी धरायला लागतोच.

खांबावरची पेटी लांबूनही दिसते, हा तोटा मला जास्त डाचतो. लक्ष्मीपूजनाच्या सुमाराला काळ्या जादूच्या नावाखाली घुबडं पकडली जातात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे, तरी हे थांबलेलं नाही. त्यामुळे खांब रस्त्याच्या बाजूला रोवू नका, घराआड रोवा. मात्र झोपायच्या खोलीपासून लांब. पिलं रात्रभर घोरल्यासारखा, फुत्कारल्यासारखा आवाज करतात. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. आमच्याकडे पहिल्या रात्री बॅटरी घेऊन नाग शोधायला माणसं आली होती. घुबडाला दगड मारला तर ते तो झेलून घासत बसतं आणि दगड झिजेल तसा माणूस झिजतो, ही समजूत आमच्या आजीने आम्हा सगळ्यांना लहानपणीच सांगितली होती. समजूत खोटी असली तरी तिच्यामुळे गावातल्या कुठल्या पोराने पेटीवर दगड मारला नाही.

एवढं करूनही मी खांबाच्याच बाजूचा आहे, ते त्यावरच्या पत्र्याच्या उलट्या नरसाळ्यामुळे. पेटीखाली चार फुटांवर ते बसवलं आणि खारीचा प्रश्न संपला. धामण, मांजर यांचाही. खार पाइपवर चढते, नरसाळ्याखाली घुटमळते आणि उतरते. मी पायरीवरून पाहिलं आहे. पहिला हिवाळा पेटी रिकामीच होती, पण रिकामी म्हणजे खरोखर रिकामी. दुसऱ्या हिवाळ्यात जोडी आत गेली आणि फेब्रुवारीत फुत्कार सुरू झाले. मलेशियात ऑइल पामच्या मळ्यांत उंदरांसाठी आणि इस्रायलमध्ये बेत शेआनच्या खोऱ्यात १९८३ पासून गव्हाणीसाठी पेट्या लावल्या जातात, त्या बऱ्याचदा खांबांवरच. ऊन तिथेही आहे. तेव्हा ब्रिटनचा क्रम आपल्याकडे जसाच्या तसा लागू होईल असं मला वाटत नाही, पण माझा अनुभव एका परसाचा आहे हेही खरं.

तुमचं झाड एकटं उभं असेल, फांद्या कुठे टेकत नसतील, तर झाडावरच लावा, मी आग्रह धरणार नाही. कोकणातल्या कुणी विचारलं तर एकट्या माडाला उंदरांसाठी मारतात तसा पत्रा मारून तो खांबासारखा वापरता येईल. फक्त दर दोन-तीन महिन्यांनी नारळ पाडायला माणूस वर चढणार असेल, तर तो माड नको.

जागा कुठलीही निवडा, घरातली आणि शेतातली ब्रोमॅडिओलोनची, म्हणजे उंदीर मारायच्या विषाची, वडी आधी बंद करा. ती खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. सुस्त होऊन उघड्यावर फिरतो आणि घुबडाला सगळ्यात आधी तोच सापडतो.

खांब आणि जवळची फांदी यांत खारीची उडी पोचणार नाही एवढं अंतर ठेवा. मी वीस फूट धरलं. त्याहून फार लांबही नको. आमची पिलं एप्रिलमध्ये पहिल्यांदा उडाली ती खांबावरून थेट आंब्यावर. पहिलं फांदीवर नीट बसलं. दुसऱ्याची पकड सुटली, ते पंख फडफडवत जुन्या पेटीच्या छतावर उतरलं आणि तिथेच बसून राहिलं. खालच्या भोकातून खारीने डोकं बाहेर काढलं, वर पाहिलं आणि आत घेतलं.