पालोमारिनला पक्ष्यांचं रिंगिंग बघायला नक्की जा (स्वेटर घेऊन!)

सॅन फ्रान्सिस्को बे एरियात राहून इतकी वर्षं झाली आणि हे ठिकाण आत्ता कळलं याचं खरंच वाईट वाटतंय. पॉइंट रेज या संरक्षित किनारपट्टीच्या दक्षिण टोकाला, बोलिनास गावाच्या पुढे मेसा रोड संपत येतो तिथे पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या पॉइंट ब्लू या संस्थेचं पालोमारिन फील्ड स्टेशन आहे, १९६६ पासून तिथे पक्ष्यांना जाळ्यात पकडून, पायात नंबर असलेली रिंग घालून सोडून देतात आणि आपल्याला ते जवळून बघता येतं. इकडे त्याला बँडिंग म्हणतात, आपल्याकडे बीएनएचएसवाले (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) करतात ते रिंगिंग म्हणजे हेच.

जूनमधल्या एका रविवारी गेलो, आई सांगलीहून आलीये तिला घेऊन. उन्हाळा म्हणून कोणी जॅकेट घेतलं नाही आणि तिथे समुद्रावरून धुकं इतकं की कुडकुडलो, ही चूक तुम्ही करू नका. काम पहाटेच सुरू होतं आणि दुपारपर्यंत जाळी बंद होतात त्यामुळे लवकर निघा, पाऊस किंवा जोराचा वारा असेल तर पक्ष्यांना त्रास नको म्हणून जाळी लावतच नाहीत.

जाळी म्हणजे काळ्या बारीक धाग्याची, झुडपांमध्ये ताणलेली, आपल्यालाही पटकन दिसत नाहीत. थोड्या थोड्या वेळाने फेरी मारून पक्षी सोडवतात आणि कापडी पिशवीत घालून आणतात. आमच्यासमोर पहिला निघाला विल्सन्स वॉर्ब्लर नावाचा चिमुकला पक्षी, पिवळाधम्मक, डोक्यावर काळी टोपी, वजन दहा रुपयाच्या नाण्याएवढं! इंटर्न मुलीने मान दोन बोटांमध्ये अलगद धरली, पोटावरची पिसं फुंकर मारून बाजूला केली आणि चरबी किती, अंडी उबवतोय का ते बघितलं, पंख मोजला, मग छोट्या नळीत उलटा ठेवून वजन. आई म्हणाली, अगं किती मायेने धरलंय बघ, आणि रिंग बघून म्हणाली, बाळाला वाळा घातल्यासारखं दिसतंय की! मी तेव्हापासून वाळाच म्हणतेय.

पण मला सगळ्यात भिडलं ते पुढचं. एका साँग स्पॅरोच्या (चिमणीसारखा पक्षी) पायात आधीच रिंग होती. इंटर्न मुलीने नंबर मोठ्याने वाचला, दुसऱ्याने जुन्या नोंदीत शोधला तर हा दोन वर्षांपूर्वी इथेच सापडलेला! अशाच वर्षानुवर्षांच्या नोंदींमधून मध्य कॅलिफोर्नियातल्या पक्ष्यांचे पंख काही दशकांत किंचित लांब झालेत हे कळलंय, नुसत्या दुर्बिणीने हे कधी दिसलं असतं का? रेनटिट नावाचा पक्षी आयुष्यभर इथल्याच झुडपांत राहतो आणि त्याच झुडपांत उन्हाळा काढणारा स्वेनसन्स थ्रश हा पक्षी हिवाळ्याला पश्चिम मेक्सिकोत जातो, तेही थ्रशच्या पाठीवर छोटं यंत्र बसवून शोधलंय.

लहान मुलांना जरूर न्या, फक्त आवाज कमी ठेवायला सांगा. खायचं बरोबर ठेवा, मोबाईलला रेंज मिळेल असं धरू नका, आणि मॅप आधीच डाउनलोड करा कारण बोलिनासच्या लोकांनी गावाची पाटीच वर्षानुवर्षं काढून टाकलेली आहे.

आईचं परतीचं तिकीट सप्टेंबरअखेरचं आहे, थ्रशसुद्धा तोवर निघालेले असतील, त्यामुळे जुलैत आम्ही परत जाणार आहोत. पाच पैकी पाच स्टार.