‘जीमेलमध्ये व्हाइटलिस्ट करून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका

ईमेल मार्केटिंगची फ्रीलान्स कामं घेणाऱ्या सगळ्यांसाठी लिहिते आहे. दिवाळीच्या तोंडावर हा माणूस आणखी कुणाला तरी गाठणार, याची मला खात्री आहे.

माझे एक क्लायंट नाशिकचे, बेदाणे आणि सुकामेवा ऑनलाइन विकतात. ऐन ऑफरच्या वेळी त्यांचे ईमेल ग्राहकांच्या स्पॅममध्ये जायला लागले, काही तर ५५०-५.७.२६ असा कोड (पाठवणारा खरा आहे याची खात्री पटली नाही, असा जीमेलचा नकार) घेऊन परत यायला लागले. हे क्लायंट काका रोज फोन करायचे, ‘ताई, ऑर्डरी का येत नाहीत?’ एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी विचारलं आणि तासाभरात एका ‘डिलिव्हरेबिलिटी एक्स्पर्ट’चा, म्हणजे मेल इनबॉक्समध्ये पोचवून देतो म्हणणाऱ्याचा, मेसेज आला.

त्याने आधी एक स्क्रीनशॉट पाठवला. ढीगभर ब्लॅकलिस्टची (स्पॅम पाठवणाऱ्यांच्या याद्यांची) नावं आणि त्यांतल्या कितीतरींपुढे लाल फुल्या. ‘मॅडम, डोमेन स्पॅमहाउसमध्ये अडकलंय, काढायची फी भरावी लागेल.’ ती भरली. मग ‘जीमेल व्हाइटलिस्ट’ची, म्हणजे आमचे मेल जीमेल कधीच स्पॅममध्ये टाकणार नाही अशा परवानगीची, वेगळी फी. यूपीआयवर दर वेळी वेगळ्याच नावाचं खातं. काम झाल्याचा पुरावा म्हणून त्याने स्वतःच्या जीमेल पत्त्यांवर आमचे मेल मागवले आणि सगळे इनबॉक्समध्ये पडलेले दाखवले.

यातलं काहीच खरं नव्हतं. स्पॅमहाउस ही अशा याद्या ठेवणारी संस्था; तिच्या यादीतून नाव काढायला पैसे लागत नाहीत, आणि डोमेन यादीत आहे का हे त्यांच्याच साइटवर फुकट तपासता येतं. आमचं नव्हतंच. स्क्रीनशॉटमधल्या बहुतेक याद्या कुणी विचारात घेत नाही, आणि त्यांतल्या काही नाव काढायचे पैसे मागतात, म्हणून ही थाप खरी वाटते. जीमेलला तर असं व्हाइटलिस्ट करायची सोयच नाही, गूगल अशा विनंत्या स्वीकारत नाही. आणि त्याचे ते पत्ते! ज्या खात्यातून आधी मेलला उत्तर दिलंय, पाठवणाऱ्याला कॉन्टॅक्टमध्ये टाकलंय, तिथे पुढचा मेल बहुतेक वेळा इनबॉक्समध्येच येतो. त्यावरून काकांच्या खऱ्या ग्राहकांकडे मेल कुठे पडतो, ते काहीच कळत नाही.

पैशांपेक्षा मला जास्त संताप आला तो पुढच्या गोष्टीचा. ‘रेकॉर्ड दुरुस्त करतो’ म्हणून त्याने काकांकडून परस्पर डोमेनचं लॉगिन घेतलं होतं. मी डीएनएसमधला (डोमेनच्या सेटिंगमधला) टीएक्सटी रेकॉर्ड उघडला, तर एसपीएफच्या ओळीत, म्हणजे या डोमेनच्या नावाने कुठल्या सर्व्हरनी मेल पाठवायचे त्या यादीत, शेवटच्या ‘ऑल’च्या आधी एक अनोळखी ‘इन्क्लूड’ (दुसऱ्या सेवेच्या सर्व्हरना दिलेली परवानगी) घुसवलेला. म्हणजे त्या सर्व्हरवरून कुणीही काकांच्या नावाने मेल पाठवले, तरी ते एसपीएफ पास होणार. ‘खात्यात पैसे भरा’ असा मेल काकांच्या ग्राहकांना काकांच्याच पत्त्यावरून जाऊ शकला असता! तो इन्क्लूड काढला, पासवर्ड बदलले, आणि सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली. पैसे अजून परत आलेले नाहीत.

खरं दुखणं साधं होतं. काकांनी मेल पाठवायची नवी सेवा घेतली तेव्हा त्यांच्या वेबसाइटवाल्याने डीकेआयएमचे (मेलवर डोमेनची डिजिटल सही करायच्या सोयीचे) रेकॉर्ड डोमेनवर टाकलेच नव्हते. त्यामुळे मेलवर सही त्या सेवेच्या डोमेनची आणि ‘फ्रॉम’मध्ये काकांचं डोमेन. दोन्ही जुळत नसल्याने डीमार्क, म्हणजे ‘फ्रॉम’मधलं डोमेन खरं आहे का ही तपासणी, फेल. जीमेलमध्ये मेल उघडून ‘शो ओरिजिनल’ केलं की वरच एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क पास की फेल ते दिसतं. सेवेच्या सेटिंगमधल्या सीनेमच्या (डोमेनवरून सेवेकडे बोट दाखवणाऱ्या) ओळी डोमेनवर चिकटवल्या आणि मेल परत यायचे थांबले. खर्च शून्य.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क हे तिन्ही सक्तीचं आहे. एका क्लिकमध्ये अनसबस्क्राइब द्यावं लागतं आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत ठेवाव्या लागतात. हा आकडा गूगलच्या पोस्टमास्टर टूल्समध्ये फुकट दिसतो. तो खाली आणायचा तर मेल न उघडणारे जुने पत्ते यादीतून काढावे लागतात. आम्ही सध्या तेच करतोय, आणि त्याला वेळ लागतो.

कुणी तुमच्याकडून किंवा तुमच्या क्लायंटकडून असं लॉगिन घेतलं असेल, तर आजच टीएक्सटी रेकॉर्ड उघडा. एसपीएफच्या ओळीतला प्रत्येक इन्क्लूड कुठल्या सेवेचा, ते विचारा. ज्याचं उत्तर कुणालाच देता येत नाही, तो काढून टाका.